माल एकाचा, बांधणी दुसऱ्याची

माल विणणारा एक असतो आणि गाठ बांधून बाजारात पाठवणारा दुसरा, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. त्या गाठीवरची चिठ्ठी कोणी लिहायची, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या धंद्यातही आहे. त्यात आम्ही एकदा चांगलेच फसलो, म्हणून हा लेख.

लिनक्स दुकानदाराच्या मशीनवर थेट येत नाही. ती डेबियन (१९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले), फेडोरा, उबुंटू अशा वितरणांमार्फत येते. ही वितरणे हजारो प्रोग्राम गोळा करून आपापल्या पद्धतीच्या पेटीत, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधतात. डेबियन आणि उबुंटूची पेटी 'डेब', फेडोराची 'आरपीएम'. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याला 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा. पेटी बांधून तिची देखभाल करणारा तो मेंटेनर.

डेबियनची पेटी बांधायला 'डेबियन' नावाचे एक फोल्डर लागते. त्यातल्या 'कंट्रोल' फाईलीत पेटीचे नाव आणि तिला दुसऱ्या कोणत्या पेट्या लागतात ते लिहितात. 'रूल्स'मध्ये बांधण्याची कृती, 'कॉपीराइट'मध्ये परवाना, 'चेंजलॉग'मध्ये आवृत्ती. आरपीएमवाले हे सगळे एका 'स्पेक' फाईलीत लिहितात.

काही दुकानांसाठी आम्ही पायथन भाषेत बिलांचा लहानसा प्रोग्राम केला होता आणि हे फोल्डर त्यातच ठेवले होते. पुढे प्रोग्राम पायथन ३ वर नेला, पण 'कंट्रोल'मध्ये जुन्या पायथनचीच मागणी राहिली. आम्ही स्वतः प्रोग्राम मूळ फाईलींवरूनच चालवत होतो. पेटी बांधून कोणी पाहिलीच नाही. २०२३ साली डेबियन १२ आले, त्यातून पायथन २ काढलेले होते. ईदच्या चार दिवस आधी एका कापड दुकानदार भाईंचे मशीन बंद पडले. नव्या मशीनवर डेबियन १२ घातले, तर आमची पेटी बसेना. बाजारात नसलेली वस्तू ती मागत होती. प्रोग्राम ठणठणीत, चिठ्ठी चुकीची! सगळी उधारी त्या प्रोग्रामच्या हिशेबात अडकलेली. भाईंनी दोन दिवस हाताने बिले फाडली. ते काही बोलले नाहीत, त्याचेच आम्हाला जास्त लागले.

मग ही फाईल मूळ लेखकाने ठेवूच नये का? ठेवण्यात फायदा आहे. ग्राहकाला वितरणाची वाट न पाहता ताजी पेटी बांधता येते. मूळ संचात 'स्पेक' असेल तर 'आरपीएमबिल्ड'च्या एका आज्ञेत काम होते. पण अडचण आवृत्तीच्या आकड्यात आहे. डेबियनमध्ये २.४-१ असे लिहितात. आडव्या रेघेच्या आधीचा आकडा लेखकाचा, नंतरचा मेंटेनरचा. नुसती बांधणी चुकली तर मेंटेनर २.४-२ काढतो आणि लेखकाला त्रास होत नाही. चिठ्ठी मालातच शिवलेली असेल तर एका शब्दासाठी लेखकाला २.५ काढावी लागते.

दुसरी अडचण दोन मालकांची. डेबियनच्या जुन्या १.० स्वरूपात मेंटेनरचे बदल फरकाच्या यादीने लागत, आणि त्या यादीने लेखकाची फाईल पुसता येत नसे. तिथे पडलेली जुनी फाईल बांधणीची हत्यारे इमानदारीने वापरत. '३.० क्विल्ट' स्वरूपात लेखकाचे 'डेबियन' फोल्डर बाजूला काढून मेंटेनरचे बसवले जाते, म्हणजे लेखकाची मेहनत सरळ वाया. फेडोराचा खरा 'स्पेक' फेडोराच्याच भांडारात असतो. तिथे मधूनमधून सर्व पेट्या नव्याने बांधतात आणि 'स्पेक'मध्ये तशी नोंद होते. लेखकाने आपली प्रत त्यावर डोळे मिटून चढवली की ती नोंद जाते.

आमचे मत असे की प्रत्येक बदलानंतर पेटी खरोखर बांधून, कोऱ्या मशीनवर बसवून पाहणारे कोणी असेल तरच हे फोल्डर ठेवावे. तपासणारा नसेल तर लेखकाने फक्त काय काय लागते ते साध्या भाषेत लिहावे आणि बांधणी मेंटेनरवर सोडावी. मेंटेनरला त्याचाच उपयोग जास्त.

आम्ही फोल्डर ठेवले, पण गिटमध्ये वेगळ्या शाखेवर. मुख्य शाखेवरून निघणाऱ्या संचात ते जात नाही. आमच्या पेटीचा आकडा आता २.४-१~१ असा असतो. त्या नागमोडी चिन्हामुळे डेबियन तिला २.४-१ पेक्षा खालची समजते. उद्या वितरणाने स्वतःची २.४-१ काढली तर आमची आपोआप बाजूला होते. भाईंच्या दुकानात सध्या आमचीच आहे, आणि नवी पेटी आली की आधी ती आमच्याकडच्या कोऱ्या मशीनवर बसते.