वरचढपणाचे वाक्प्रचार : इंग्रजी भाषेच्या इतिहासातून

प्रस्तावना

दोन व्यक्तींत, दोन पक्षांत किंवा दोन राज्यांत चढाओढ लागली की कधी एकाची बाजू वर असते, तर कधी दुसऱ्याची. ही वरचढ स्थिती सांगण्यासाठी प्रत्येक भाषेने आपापले वाक्प्रचार घडवले आहेत. मराठीने ते कुस्तीच्या आखाड्यातून, बुद्धिबळाच्या पटावरून आणि बैलाच्या दावणीतून उचलले : अस्मान दाखवणे, शह देणे, वेसण घालणे. इंग्रजीतील जुने वाक्प्रचारही असेच मल्ल, खलाशी आणि गाडीवान यांच्या व्यवहारातून आले आहेत. ते समजण्यासाठी नुसता शब्दार्थ पुरत नाही. त्यामागची कृती डोळ्यांसमोर यावी लागते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थी
• वाक्प्रचार आणि त्यामागील व्यवसाय यांचा संबंध सांगू शकतील;
• वाक्प्रचाराच्या उगमाची कथा पारखून घेऊ शकतील.

१. मल्लाची पकड

‘हॅव ऑन द हिप’ हा १६ व्या शतकातील इंग्रजीत रूढ असलेला वाक्प्रचार. हिप म्हणजे कमरेखालचा बाजूचा भाग. मल्लाने प्रतिस्पर्ध्याला या भागावर ओढून घेतले, की त्याचे पाय जमिनीवरून सुटतात आणि त्याला खाली आपटणे सोपे जाते. त्यावरून एखाद्याला पुरते कोंडीत पकडणे हा अर्थ आला. मराठीतही ‘पेच’ या शब्दाला कुस्तीतील पकड आणि अडचण असे दोन्ही अर्थ आहेत.

१६०० मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात विल्यम शेक्सपिअरने हा वाक्प्रचार दोनदा योजला आहे. पहिल्या अंकात शायलॉक हा ज्यू सावकार तो मनाशी उच्चारतो. अँटोनिओ या व्यापाऱ्याने त्याचा वारंवार अपमान केलेला असतो. हा मनुष्य एकदा पकडीत सापडावा, अशी शायलॉकची इच्छा असते. तीन हजार डुकाट कर्जाऊ देताना तो मुदत चुकल्यास एक पौंड मांस देण्याची अट लिहून घेतो. मुदत चुकते आणि अँटोनिओ खरोखरच पेचात सापडतो. परंतु चौथ्या अंकातील न्यायसभेत डाव उलटतो. मांस घ्यावे, मात्र रक्ताचा थेंबही सांडू नये, असा निवाडा होतो. तेव्हा अँटोनिओच्या बाजूचा ग्रॅशिआनो तोच वाक्प्रचार शायलॉकला उद्देशून उच्चारतो. शायलॉकला संपत्तीवरील हक्क गमवावा लागतो आणि धर्मही बदलावा लागतो. शब्द तेच राहतात. पकडणारा आणि पकडला गेलेला यांच्या जागा मात्र बदलतात.

२. वाऱ्याची बाजू

शिडाच्या जहाजांच्या काळात समुद्रावरील लढाईत वाऱ्याला फार महत्त्व होते. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला असलेल्या जहाजाला शत्रूवर केव्हा चालून जायचे हे ठरवता येई. उलट बाजूच्या जहाजाला वाऱ्याविरुद्ध वळणे घेत पुढे सरकावे लागे आणि तोफांचा धूरही त्याच्याच अंगावर येई. या लाभाच्या जागेला इंग्रजीत ‘वेदर गेज’ म्हणत. जुलै १५८८ मध्ये स्पेनचे प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आले, तेव्हा इंग्रजी जहाजांनी प्लिमथजवळ हीच बाजू मिळवली होती.

पुढे ‘वेदर गेज मिळवणे’ म्हणजे कोणत्याही व्यवहारात वरचढ होणे, असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. १९ व्या शतकात वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याची सत्ता संपली. त्यानंतर हा वाक्प्रचारही बोलण्यातून मागे पडत गेला.

३. चाबकाचा हात

‘व्हिप हँड’ हा वाक्प्रचार १७ व्या शतकापासून आढळतो. घोडागाडी हाकणारा डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात चाबूक धरी. त्यामुळे चाबकाचा हात म्हणजे हुकूमत चालवणारा हात, असा अर्थ झाला. घोडागाड्या रस्त्यांवरून गेल्या, तरी हा वाक्प्रचार आजही वापरात आहे. व्यवसाय मागे पडला की त्याचा वाक्प्रचारही नाहीसा होतोच असे नाही, हे यावरून दिसते.

४. उगमाची पारख

‘अपर हँड’ म्हणजे वरचा हात. याविषयी एक मनोरंजक कथा सांगितली जाते. बेसबॉल खेळताना दोन मुले बॅटच्या दांड्यावर आळीपाळीने एकावर एक हात ठेवतात. ज्याचा हात सर्वांत वर येईल त्याला पहिली निवड मिळते. त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे म्हणतात. परंतु न्यूयॉर्कमधील एका क्लबने बेसबॉलचे नियम लिहून काढले ते १८४५ मध्ये, आणि ‘अपर हँड’ हा प्रयोग तर १५ व्या शतकातील इंग्रजीतही आढळतो. खेळाच्या नियमांहून शब्द तीनशेहून अधिक वर्षांनी जुना असल्यामुळे ही कथा टिकत नाही.

मोठ्या विद्वानांचेही तर्क असेच तपासावे लागतात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ‘ऑन द हिप’ या प्रयोगाचा संबंध हरणाच्या शिकारीशी जोडला होता. पुढील अभ्यासकांनी मात्र कुस्तीचाच उगम अधिक ग्राह्य मानला. कथा गोड आहे म्हणून ती खरी ठरत नाही. शब्दाचा सर्वांत जुना लेखी वापर कोणता, हे आधी पाहावे लागते.

सारांश

या वाक्प्रचारांत वरचढपणा हा माणसाचा गुण म्हणून येत नाही. तो एका क्षणीची स्थिती म्हणून येतो. मल्लाची पकड सुटते, वारा दिशा बदलतो, चाबूक हातातून निसटतो. म्हणूनच ‘वरचढ’ कोण, हे सांगताना ‘केव्हा’ आणि ‘कशामुळे’ हेही सांगावे लागते.

स्वाध्याय

१. शायलॉक आणि ग्रॅशिआनो यांच्या तोंडी एकच वाक्प्रचार आल्याने काय साधले आहे?
२. ‘वेदर गेज’ मागे पडला, पण ‘व्हिप हँड’ टिकला. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. बेसबॉलची कथा का नाकारावी लागते, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.
४. ‘वेसण घालणे’, ‘शह देणे’, ‘अस्मान दाखवणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा आणि प्रत्येकामागील कृती स्पष्ट करा.