भाषा-मॉडेलांची प्रॉक्सी उभारणाऱ्या भाच्यास




भाषा-मॉडेलांची प्रॉक्सी म्हणजे मॉडेल वापरणारे प्रोग्राम आणि मॉडेल पुरवणाऱ्या कंपन्या यांच्या मध्ये बसवलेला एक छोटा सर्व्हर. प्रोग्राम आपली विनंती या सर्व्हरकडे देतो. सर्व्हर ती योग्य कंपनीकडे, त्या कंपनीला समजेल अशा रूपात, खऱ्या एपीआय किल्लीसह पुढे धाडतो आणि आलेले उत्तर परत आणून देतो. मॉडेल या सर्व्हरवर चालत नाही, त्यामुळे त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दोन कोअर आणि चार जीबी मेमरीचे भाड्याचे यंत्र दहा-वीस माणसांच्या कार्यालयाला सहज पुरते. एवढे ध्यानात ठेवले तरी पहिल्याच खरेदीत हात पोळत नाहीत.

मध्यस्थ लागतो तो कंपन्यांच्या निरनिराळ्या रिवाजांमुळे. ओपनएआयने मार्च २०२३ मध्ये जीपीटी-३.५ टर्बो एपीआयवर खुले केले, तेव्हा संभाषणाचा जो साचा ठरवला तोच पुढे बाजारात रुळला. अँथ्रॉपिकचा साचा वेगळा आहे. तिथे किल्ली दुसऱ्या हेडरमधून जाते, सिस्टीमची सूचना संदेशांच्या रांगेत न घालता स्वतंत्र द्यावी लागते आणि उत्तराची कमाल लांबी सांगितल्याशिवाय विनंती स्वीकारलीच जात नाही. गूगलचा साचा आणखी तिसरा. लाइटएलएलएम हा पायथनमधला मुक्तस्रोत प्रकल्प हे सगळे फरक पोटात घालतो. प्रोग्रामांशी तो ओपनएआयच्या साच्यात बोलतो आणि शंभराच्या आसपास पुरवठादारांशी ज्याच्या-त्याच्या पद्धतीने. पुढचे विवेचन त्यालाच धरून आहे. दुसरे साधन निवडले तर नावे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

तरी साच्यांचे रूपांतर ही प्रॉक्सीची दुय्यम कामगिरी. खरे काम हिशेबाचे. सोसायटीला पाण्याचे एकच बिल येत असले की नळ कोणाचा गळतो ते कळत नाही, घरटी मीटर बसले की महिन्याभरात कळते. एकच किल्ली दहा जणांत वाटून घेणाऱ्या कार्यालयाची गतही तीच. प्रॉक्सी प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली देते, तिच्यावर खर्चाची मर्यादा घालते आणि कोणी कोणते मॉडेल कितीदा वापरले याची नोंद ठेवते. ज्याला ही नोंद नको आहे, जो एकटाच एका कंपनीचे एकच मॉडेल वापरतो, त्याने या भानगडीत पडू नये. नाहीतर सांभाळायला आणखी एक सर्व्हर होतो आणि पदरात काहीच पडत नाही.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाकावा, कारण तो साहेबलोकांत फार पसरलेला आहे. प्रॉक्सी स्वतःच्या यंत्रावर आहे म्हणून मजकूर घरातच राहतो, असे मुळीच नाही. प्रॉक्सीच्या मागे परक्या कंपनीचे मॉडेल असेल तर विनंतीतला शब्दन् शब्द त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. मजकूर खरोखरच बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर मागचे मॉडेलही आपल्याच यंत्रावर लागते: ओलामा, लामा सीपीपी किंवा व्हीएलएलएम यांपैकी काहीतरी. तिथे गणित पालटते आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च दारात उभा राहतो. आठ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांवर आणले तर साधारण पाच जीबीत बसते. सत्तर अब्जांचे मॉडेल सोळा बिटांवर ठेवायचे तर नुसत्या वजनांनाच १४० जीबी लागतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी मिश्र मांडणी बरी पडते. नाजूक मजकूर घरच्या लहान मॉडेलकडे जातो, बाकीचा बाहेरच्या मोठ्याकडे. ही वाटणी एकाच दारातून करता येते, हा प्रॉक्सीचा एक खरा फायदा.

मांडणीला सुरुवात होते ती एका यामल फाइलपासून. तिच्यात मॉडेलांची यादी असते आणि प्रत्येक नोंदीत दोन नावे येतात: वापरणाऱ्यांना दिसणारे टोपणनाव आणि पुरवठादाराकडचे खरे नाव. टोपणनाव मॉडेलवरून ठेवू नये, कामावरून ठेवावे: एक मसुद्यासाठी, एक भाषांतरासाठी, एक कोडसाठी. कंपन्या जुनी मॉडेले बंद करत असतात. नाव कामावरून असेल तर त्या दिवशी फाइलीतली एक ओळ बदलली की भागते. मॉडेलचे नाव पंधरा प्रोग्रामांत कोरून ठेवले असेल तर पंधरा जणांच्या मागे लागावे लागते.

किल्ल्यांबाबत हयगय चालत नाही. पुरवठादाराची किल्ली यामल फाइलीत उघडी लिहू नये. फाइलीत फक्त पर्यावरण-चलाचा उल्लेख असावा, आणि प्रत्यक्ष किल्ली वेगळ्या फाइलीत, जी गिटमध्ये कधीच जाणार नाही. चुकून गेलीच तर पुढच्या कमिटमध्ये ती खोडून काही साधत नाही, जुन्या इतिहासात ती तशीच वाचता येते. अशा वेळी इतिहास पुसण्याच्या खटपटीत वेळ न घालवता आधी पुरवठादाराकडे जाऊन ती किल्ली रद्द करावी. प्रॉक्सीची स्वतःची मास्टर की ‘एसके-’ या अक्षरांनी सुरू करावी लागते. पुढचा भाग माणसाने सुचवलेला नसावा, ओपनएसएसएलने काढलेली ३२ बाइटांची यादृच्छिक संख्या घ्यावी. ही किल्ली फक्त व्यवस्थापनासाठी आहे. ‘तात्पुरती’ म्हणून ती एकाला दिली की सगळा हिशेब तिथेच बुडाला.

वापरणाऱ्यांच्या किल्ल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून डेटाबेस जोडल्याशिवाय त्या तयारच होत नाहीत. सॉल्ट की नावाची आणखी एक किल्ली असते. डेटाबेसमध्ये ठेवलेल्या पुरवठादारांच्या किल्ल्या तिच्या साहाय्याने कूटबद्ध होतात. मॉडेले भरून झाल्यावर ती बदलू नये, बदलली तर आधी साठवलेले काही उलगडत नाही. पहिल्याच दिवशी तिची प्रत सर्व्हरबाहेर, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी.

यानंतर प्रश्न येतो दाराचा, आणि जाणती माणसेही इथेच तोंडघशी पडतात. लाइटएलएलएम सहसा ४००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. डॉकरमध्ये चालवताना तो पोर्ट नुसता ‘४०००:४०००’ असा उघडला तर तो यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावलेली आहे, तिच्यात ४००० बंद आहे, स्थितीही ‘बंद’ अशीच दिसते, तरी बाहेरून कोणीही आत येऊ शकतो. कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. उपाय एका शब्दाचा आहे: पोर्टाच्या आधी १२७.०.०.१ लिहावे, म्हणजे तो यंत्रापुरता राहतो. नंतर मोबाइलच्या इंटरनेटवरून, कार्यालयाच्या वायफायवरून नव्हे, सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर तो पोर्ट उघडून पाहावा. जोडणी नाकारली गेली पाहिजे. ओलामाबाबत हीच काळजी दुप्पट घ्यावी. तो मुळात फक्त १२७.०.०.१ वर, ११४३४ पोर्टावर ऐकतो. पण दुसऱ्या यंत्रावरून वापरता यावा म्हणून लोक त्याचा पत्ता ०.०.०.० करतात, आणि स्वतः चालवलेल्या ओलामाला किल्ली वा पासवर्ड असे काही नसतेच.

बाहेरच्या जगासाठी पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवावा. कॅडी एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आपणहून मिळवतो आणि मुदत संपण्याआधी नवेही आणतो, म्हणून नवख्याने तोच घ्यावा. वापरणारे सगळे एकाच संस्थेतले असतील तर प्रॉक्सी इंटरनेटवर ठेवण्याचे कारणच उरत नाही. वायरगार्डसारख्या खासगी जाळ्यात ती जास्त सुरक्षित असते.

एनजिनएक्स घेतलाच तर एक त्रास हमखास होतो. मॉडेलचे उत्तर तुकड्या-तुकड्यांनी येते. एनजिनएक्स मात्र मागून आलेला मजकूर आधी साठवतो आणि मग पुढे सोडतो. वापरणाऱ्याला पडदा बराच वेळ कोरा दिसतो आणि मग अख्खे उत्तर एकदम आदळते. शिवाय मागून ६० सेकंद काहीच आले नाही तर एनजिनएक्स जोडणी तोडून ५०४ दाखवतो. विचार करायला वेळ घेणाऱ्या मॉडेलांना एवढा वेळ सहज लागतो. बफरिंग बंद करावे, वाचनाची मुदत पाच-दहा मिनिटांची करावी. दोन ओळींचे काम आहे, पण ते माहीत नसले की दोष मॉडेलच्या माथी मारला जातो.

खर्चाच्या मर्यादा प्रत्येक किल्लीवर घालाव्यात: महिन्याची रक्कम, मिनिटाच्या विनंत्या, मिनिटाचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते). ही मर्यादा तंतोतंत असते असे मात्र समजू नये. प्रॉक्सी आपल्याकडच्या दरपत्रकावरून खर्च काढते आणि तो उत्तर आल्यावरच नोंदला जातो. एकाच वेळी वीस विनंत्या आत शिरल्या तर त्या मर्यादा ओलांडून जातात. म्हणून पुरवठादाराच्या खात्यावरही स्वतंत्र मर्यादा लावावी किंवा तिथे पैसे आगाऊ भरून ठेवावेत. मराठी मजकुराचे अंदाजपत्रक इंग्रजीवरून बांधू नये. त्याच आशयाला देवनागरीत बहुधा जास्त टोकन लागतात, आणि किती जास्त ते मॉडेलगणिक बदलते. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आले तेव्हा ओपनएआयने दिलेल्या एका नमुना मराठी मजकुराचे टोकन ९६ वरून ३३ वर आले होते. आपल्याच कामातली खरी पाच-दहा पाने चालवून बघावीत आणि मग आकडा ठरवावा.

पुनःप्रयत्नांचा हिशेब कोणी करत नाही आणि त्याचा भुर्दंड मोठा असतो. ओपनएआयची पायथन लायब्ररी अपयश आले तर आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते, म्हणजे एकूण तीन. प्रॉक्सीलाही दोन पुनःप्रयत्न सांगितले असतील तर त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन होतात, आणि आधीच दमलेल्या पुरवठादारावर एका विनंतीमागे नऊ धडका बसतात. पुनःप्रयत्न एकाच थरावर, प्रॉक्सीत ठेवावेत आणि दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. ४२९ म्हणजे वेग जास्त झाला, तिथे थांबून पुन्हा विचारणे योग्य. ४०० म्हणजे विनंतीच सदोष. ती कितीदाही पाठवली तरी सदोषच राहणार.

एक मॉडेल पडले की दुसऱ्याकडे वळण्याची सोय चांगली, पण ती गुपचूप चालू ठेवू नये. उत्तर खरोखर कोणत्या मॉडेलने दिले ते नोंदीत दिसले पाहिजे. नाहीतर गुणवत्ता एकाएकी का घसरली याचा शोध आठवडाभर चालतो. घरच्या मॉडेलकडे राखून ठेवलेला नाजूक मजकूर अडचणीच्या वेळी बाहेरच्या मॉडेलकडे वळेल अशी जोडणी तर चुकूनही करू नये. वर सांगितलेली सगळी वाटणी त्या एका ओळीने मोडते.

नोंदींबाबत हात आखडता घ्यावा. किल्ली, मॉडेल, वेळ, टोकन आणि खर्च एवढे हिशेबाला पुरते. विनंतीतला मजकूर साठवणे हे स्वतंत्र सेटिंग आहे. ठोस कारण नसेल तर ते बंदच ठेवावे, आणि चालू केले तर तसे वापरणाऱ्यांना आधी सांगावे. लोक विनंतीच्या खिडकीत अर्ज, पगारपत्रके, रुग्णांचे अहवाल, काय वाटेल ते चिकटवतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जो मजकूर साठवलाच नाही तो चोरीलाही जात नाही.

देखरेखीत एक खाचखळगा आहे. प्रॉक्सीचा ‘हेल्थ’ हा पत्ता प्रत्येक मॉडेलला खरी विनंती करून पाहतो, म्हणजे त्याचे पैसे पडतात. दर मिनिटाला तपासणाऱ्या साधनाला तो पत्ता देऊ नये. सर्व्हर नुसता जिवंत आहे की नाही हे सांगणारा वेगळा पत्ता असतो, तो द्यावा. डॉकरची प्रतिमा ‘लेटेस्ट’ नावाने ओढू नये, आवृत्तीचा क्रमांक लिहावा आणि नवी आवृत्ती आधी दुसऱ्या यंत्रावर चालवून बघावी. पोस्टग्रेसची प्रत रोज निघावी आणि ती सर्व्हरबाहेर जावी. महिन्यातून एकदा ती कोऱ्या यंत्रावर चढवून, एका जुन्या किल्लीने एक विनंती पाठवून उत्तर येते का ते पाहावे. कोणी नोकरी सोडली की त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. मास्टर की त्याला ठाऊक असेल तर तीही बदलावी आणि पुरवठादारांच्या खात्यांतून त्याचे नाव काढावे, कारण तिथे शिरून तो नवी किल्ली काढू शकतो आणि ती प्रॉक्सीच्या नोंदीत कधीच दिसणार नाही.