पाय दुमडतात म्हणून कारसीट फिरवू नका

दीड वर्षाच्या लशीला येणाऱ्या पालकांकडून हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, बाळाची कारसीट आता लहान झाली." का विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं. बाळाचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात, गुडघे दुमडून बसावं लागतं, बिचाऱ्याला अवघडल्यासारखं होत असेल. आणि पुढचा निर्णय बहुतेकांनी मला विचारण्याआधीच घेतलेला असतो. गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसणारं बाळ आता पुढच्या काचेकडे तोंड करून बसू लागलेलं असतं. काही घरांत तर सीट माळ्यावर गेलेली असते आणि बाळ आजीच्या मांडीवर.

पाय दुमडणं हे सीट लहान झाल्याचं लक्षण नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, तरी दर आठवड्याला कुणीतरी तेच सांगत येतं. दीड-दोन वर्षांचं मूल घरी जमिनीवर कसं बसतं ते जरा पाहा. मांडी घालून, फतकल मारून, एक पाय वर एक खाली, कसंही बसतं आणि खेळत राहतं. त्याचे सांधे आपल्यासारखे कडक झालेले नसतात. आपल्याला तसं तासभर बसवलं तर कंबर धरेल, म्हणून त्यालाही त्रास होत असेल हा आपला अंदाज आहे. आजी मंडळींना वेगळीच काळजी असते, अशा बसण्याने पाय वाकडे होतील. आजी, नाही होत. या वयात पायांना थोडा बाक असतोच, तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट आत झुकतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत पाय आपोआप सरळ होतात. दोन वर्षांनंतर बाक वाढतच गेला किंवा एकाच पायाला असला तर जरूर दाखवा. तिथे व्हिटॅमिन डी तपासावं लागतं, कारसीट नव्हे.

"पण अपघातात पाय मोडले तर?" हा प्रश्न वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र पायांना इजा होण्याचा धोका पुढे तोंड करून बसलेल्या मुलांना जास्त असतो, कारण धडकेत त्यांचे पाय वेगाने पुढे फेकले जाऊन समोरच्या सीटवर आपटतात. आणि समजा मोडलंच हाड, तर या वयात ते प्लास्टरमध्ये काही आठवड्यांत जुळून येतं. मानेतला मज्जारज्जू एकदा तुटला की तो कुणालाही जोडता येत नाही.

खरा धोका मानेचा आहे. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं, दोन वर्षांच्या मुलाचं जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं. एवढं जड डोकं ज्या मानेवर तोललेलं असतं, तिचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकसंध व्हायला तीन ते सहा वर्षं लागतात. आता साधं गणित करू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने समोर आदळली आणि तिचं नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, असं धरलं तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. 11 किलोच्या बाळासाठी तो 220 किलो झाला. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांनी धरलं जातं, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या कवचात दाबली जातात, जोर पाठभर वाटला जातो. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन यांनी 1964 साली पहिली उलटी कारसीट केली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून, कारण तेही पाठीवर जोर झेलत निजलेले असतात. तिथे आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी बसतात. त्यांचे पाय आपल्या मुलांपेक्षा लांबच असतील.

मांडीचं काय? वरचं 220 किलोचं गणित हातांनी पेलून दाखवणारी आई अजून जन्मायची आहे. बाळाला स्कूटरच्या पट्ट्याने आईच्या पोटाशी बांधून गाडीत बसणारेही मी पाहिले आहेत. असं कृपा करून करू नका, धडकेत आईचंच वजन बाळावर येतं. अपघातच व्हावा लागतो असंही नाही. गल्लीत गाय आडवी आली, जोरात ब्रेक लागला आणि पुढच्या सीटवर मांडीवरच्या बाळाचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं, अशा बाळांना टाके घालावे लागतात.

परवाचंच उदाहरण सांगतो. 19 महिन्यांचा मुलगा, वजन 10 किलो 400 ग्रॅम. घर नाशिकला, आजोळ संभाजीनगरला, त्यामुळे सिन्नरहून समृद्धीला लागून महिन्यातून एकदा तरी जाणं-येणं. वडिलांनी मोबाइलवर तीन सीटा काढून ठेवल्या होत्या, यातली कोणती घेऊ? आत्ताची सीट लहान झाली कशावरून, तर पाय दुमडतात आणि बसवलं की रडतो. म्हटलं, चला, गाडी दाखवा. खाली पार्किंगमध्ये दार उघडलं आणि सीट एका हाताने हलवली, तर ती वीतभर सरकली. गाडीचा बेल्ट निळ्या खुणांऐवजी लाल खुणांमधून ओवला होता. अशा सीटांवर निळा मार्ग उलट्या सीटसाठी आणि लाल मार्ग पुढे तोंड असताना वापरायचा असतो. खांद्याचे पट्टे पहिल्या दिवशी ज्या सर्वांत खालच्या खाचेत होते तिथेच राहिले होते, त्यामुळे ते खांदे खाली दाबत होते. पोरगं रडत होतं ते पायांमुळे नव्हे, खांद्यांमुळे. शिवाय "मऊ बसावं" म्हणून पाठीमागे उशी, आणि पट्टे इतके सैल की माझी मूठ आत जात होती. पट्टे दोन खाचा वर घेतले, उशी काढली, बेल्ट निळ्या मार्गाने ओढून घट्ट केला. डोक्याच्या वर कवचाची तीन बोटं अजून शिल्लक होती. उलटं बसवण्याची मर्यादा 13 किलो, म्हणजे वजनातही वाव होता. नवी सीट घेऊच नका, म्हटलं, वर्षभर तरी हीच पुरेल. मुलगा पाय दुमडून निवांत बसला आणि हातातली गाडी फिरवत राहिला.

सीट खरोखर लहान झाली हे पायांवरून ठरत नाही. वजन सीटवर छापलेल्या मर्यादेला पोहोचलं, किंवा डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून एका इंचाच्या आत आला, किंवा पट्ट्यांची सर्वांत वरची खाचही खांद्याच्या बरीच खाली राहू लागली, तर सीट संपली. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड केल्यावर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. पट्टा बांधल्यावर खांद्यापाशी चिमटीत पकडता आला नाही, म्हणजे तो नीट घट्ट आहे. सीट बेल्टच्या जागी धरून हलवली तर इंचभराहून जास्त हलता कामा नये. महाबळेश्वरच्या थंडीत जाड जॅकेट घालून वर पट्टा बांधू नका. आधी पट्टा, मग वरून शाल.

आता पुढची सीट घ्यायची वेळ खरंच आलीच, तर काय बघायचं? दुकानदार "झिरो ते अठरा किलो" म्हणून विकतो ते पुरेसं नाही. अठरा किलो कोणत्या दिशेला, ते विचारा. जुन्या युरोपीय नियमाच्या अनेक सीटा उलट्या फक्त 13 किलोपर्यंत चालतात आणि त्यापुढे 18 पर्यंत पुढे तोंड करून. उलट्या बाजूनेही 18 किलोपर्यंत जाणाऱ्या सीटा मिळतात, परवडत असेल तर तीच घ्या. आपली मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा साधारणपणे हलकी असतात, तेव्हा अशी सीट चौथ्या वर्षापर्यंतही पुरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये वयाची अट काढून सरळ सांगितलं की सीटची मर्यादा संपेपर्यंत मूल उलटंच बसवा. युरोपचा नवा नियम 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करूच देत नाही, पण ही किमान अट आहे, 15 महिने पूर्ण झाले म्हणून केक कापून सीट फिरवायची नाही. माझा सल्ला विचाराल तर दोन वर्षांपर्यंत उलटं बसवण्यात तडजोड करू नका आणि त्यानंतरही सीट पुरेल तितकं तसंच चालू द्या.

सीटवर ई आणि आकडा असलेलं गोल चिन्ह, किंवा भारतीय मानक एआयएस-072 चा उल्लेख हवाच. गाडीत कारसीट थेट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत का ते मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. नसतील तर बेल्टने बसणारी सीट घ्या, तीही नीट बसवली तर उत्तम काम करते. पुढे एअरबॅग असते, तिच्यासमोर उलटी सीट कधीही नाही. लहान गाडीत जागा पुरत नसेल तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवरच्या माणसाने गुडघे आखडून घ्यावेत. चार वर्षं आणि 15 किलो दोन्ही पूर्ण होण्याआधी बूस्टरचा, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायच्या सीटचा, विचारही नको, आणि बूस्टर सोडायची घाई नको. गाडीचा नुसता बेल्ट बसायला उंची साधारण 145 सेंटिमीटर लागते, म्हणजे मूल पाचवी-सहावीत गेलेलं असतं.

नातेवाइकांनी दिलेली जुनी सीट घेताना तिची मुदत बघा आणि ती अपघातातून गेली नाही ना, हे स्पष्ट विचारा. खात्री नसेल तर नको. आणि इंटरनेटवर मिळणारी ती कापडी "पोर्टेबल कारसीट", हेडरेस्टला बांधायचं जॅकेट, बेल्ट पोटावर ओढून धरणारी क्लिप? कोणतीही मान्यतेची खूण नसलेल्या या चिंध्यांवर पालक पैसे घालतात, कारण रीलमध्ये एक हसरं बाळ त्यात बसलेलं दिसतं. त्या रीलमध्ये गाडी उभी असते.

"आमची गाडी फाइव्ह स्टार आहे" हेही ऐकतो. चांगलंच आहे. पण ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे तारे मिळतात ते दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे कारसीटमध्ये बांधून. बाळ मांडीवर असेल तर ते तारे त्याच्यासाठी नाहीतच. कायदाही तेच सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा कारसीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

एका गोष्टीवर मात्र मी रागावतो. "सीटमध्ये रडतो म्हणून निघताना झोपेचं सिरप देतो." कोणी सांगितलं? मेडिकलवाल्याने, किंवा शेजारच्या काकूंनी. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास मंदावून जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून ते या वयात देत नाहीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असलेलं सर्दीचं सिरप चार वर्षांखाली देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. प्रवासाला कोणतंही औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. रडणं औषधाशिवायही थांबतं. सीट दोन-चार दिवस दिवाणखान्यात ठेवा, तिथेच गोष्ट सांगा, मग छोट्या फेऱ्या मारा. रस्त्यात फारच रडला तर गाडी बाजूला घ्या, उचला, पाणी पाजा, पुन्हा बांधा. चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही, आणि हातात शेंगदाणे किंवा चिक्की द्यायची नाही. या वयात ते घशात अडकतं आणि मागे वळून बघेपर्यंत उशीर होतो. बहुतेक मुलं आठवड्या-दोन आठवड्यांत रुळतात, तेव्हा धीर सोडू नका.

धडक बसलीच, तर बाळ वरून ठीक दिसत असलं तरी दाखवा. वारंवार उलट्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा न थांबणारं रडणं, फिट, कानातून-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, मान एका बाजूला धरून ठेवणं, हात किंवा पाय न हलवणं, पोटावर पट्ट्याचा वळ, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. मान दुखतेय असं वाटलं तर, गाडीतून धूर किंवा आगीचा धोका नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला सीटमध्येच राहू द्या. मालिश करणाऱ्याकडे मान "बसवून" घ्यायला नेऊ नका. आणि जोराची धडक सोसलेली सीट दिसायला धड असली तरी पुन्हा वापरू नका, दुसऱ्या कुणाला देऊही नका.

नवी सीट मागवण्याआधी लसीकरणाची वही आणि बाळाला घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे या, ताजं वजन आणि उंची मोजून घ्या आणि आत्ताच्या सीटवरच्या मर्यादेशी ताडून बघा. तोवर सीट आहे त्याच दिशेला राहू द्या.