अंधारात जोडीदार कसा निवडतात? गुहेतल्या माशांचा धडा



भोपाळच्या चार इमलीत राहणाऱ्या, पण माहेर आपल्या कोळीवाड्यातलं असलेल्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. "बस्तरच्या गुहेत आंधळे मासे आहेत म्हणतात. दिसतच नाही, तर नर-मादी एकमेकांना शोधतात कसे? आणि त्यातला चांगला कोणता, हे कळतं कसं?" प्रश्न झकास आहे, म्हणून आजचा धडा त्यावरच.

🐟 गुहेतला मासा, मूळ पुण्याचा

बस्तर 2000 सालापर्यंत मध्य प्रदेशात होतं, आता छत्तीसगडात आहे. तिथे जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात कुटुमसर नावाची गुहा आहे. आत मिट्ट काळोख. पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून गुहा बंद ठेवतात. त्या पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. डोळे बारीक झालेले, अंगाचा रंग फिका पडलेला. गंमत म्हणजे याच जातीचे डोळस भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आहेत. फ्रान्सिस डे यांनी 1872 साली या जातीचं पहिलं वर्णन केलं, ते पुण्याच्या माशांवरून. म्हणजे घराणं एकच, एक उजेडात राहिला, दुसरा अंधारात गेला.

🐟 मादी कुणाला निवडते?

यावर सगळ्यात चांगला अभ्यास झालाय मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात. तिथे गंधकाच्या पाण्याची एक गुहा आहे, सडक्या अंड्यासारखा वास येणारी. तिच्यात मॉली नावाचा छोटा मासा राहतो. आपल्याकडे काचेच्या टाकीत पाळतात, त्याच कुळातला. हा अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो.

बाहेर नदीतली मॉली मादी उजेडात मोठा नर पसंत करते. मग अभ्यासकांनी अंधारात चाचणी घेतली. मादीसमोर जाळीच्या पलीकडे एक मोठा आणि एक लहान नर ठेवला, आणि अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलं. नदीतल्या माद्यांना फरक करता आला नाही. गुहेच्या खोल काळोखातल्या माद्या मात्र मोठ्या नराकडेच जास्त वेळ थांबल्या. 2004 साली हा अभ्यास छापून आला.

न बघता कळलं कसं? माशाला डोळ्यांशिवाय दुसरी साधनं आहेत. एक वास. दुसरं, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगावर जी रेघ दिसते ती. मासा साफ करताना घरच्या बायका ती रोज बघतात. त्या रेघेने पाण्याची हालचाल कळते. मोठा मासा पाणी जास्त हलवतो.

🐟 आपल्या समुद्रात काय?

आपलं पाणीही काही काचेसारखं नाही. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती? घोळ, ढोमा या कुळातले मासे आवाज करतात. ज्या हवेच्या पिशवीला व्यापारी एवढा भाव देतात, तिच्यावर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज निघतो. विणीच्या दिवसांत तो वाढतो. जुने तांडेल होडीच्या फळीला कान लावून घोळीचा थवा ओळखायचे, ते उगाच नाही.

🐟 आता मुद्द्याचं

त्याच मेक्सिकोच्या गुहेत तिथले झोके लोक दरवर्षी एका विधीत विषारी मुळी पाण्यात सोडून मासे धरायचे. अभ्यासकांनी तपासलं, तर विष जिथून वाहायचं तिथले मासे ते विष जास्त वेळ सोसू लागले होते. म्हणजे निवड फक्त मादी करत नाही, मासे धरणाराही करतो. आपण जे उचलतो ते संपतं, जे सोडतो त्याची पिढी वाढते.

मग विचार करा. मादी मोठा नर शोधते. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. आणि आपण मोठे तर धरतोच, बारीक आसाच्या जाळ्याने वाढणारेही उचलतो. मग मागे उरलं काय?

म्हणून तीन गोष्टी:

1️⃣ 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी पाळा. ती वीण होऊ देण्यासाठी आहे. भोपाळकडच्या तलाव-नद्यांतही 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी असते, ती याचसाठी.

2️⃣ एलईडी लाईटची मासेमारी नको. केंद्राने 2017 साली बंदी घातली आहे. अंधारात जगायला शिकलेल्या माशाला झगझगीत उजेडाने ओढून आणलं की लहान-मोठा, गाभोळीचा, सगळाच एका जाळ्यात येतो.

3️⃣ जाळ्याचा आस बघून घ्या. 2023 साली राज्याने 54 जातींसाठी कमीत कमी किती आकाराचा मासा धरायचा ते ठरवलंय.

दुसरा लाईट लावतो मग मीच का थांबू, असं बरेच जण म्हणतात. राग खरा आहे, तक्रार करायलाच हवी. पण आपणही लाईट लावला, तर उद्या पोरांना होडी देऊ, मासा कुठून देणार?

तुमच्याकडे आवाजावरून मासा ओळखणारे कुणी जुने तांडेल असतील तर त्यांना विचारा आणि इथे लिहा. ही विद्या त्यांच्याबरोबर जायला नको.