बर्फाच्या प्रदेशातली शेती: हे करिअर कोणासाठी?

"शेतीच करायची होती, तर एवढं शिकवलं कशाला?" मुलाने कृषी शाखेचं नाव काढलं की अनेक घरांत हा प्रश्न येतो. त्यात त्याने आइसलँड, नॉर्वे, अलास्का अशी नावं घेतली की काळजी दुप्पट होते. बर्फात पिकतं तरी काय?

पिकतं, आणि उत्तम पिकतं. अलास्कातल्या पामर गावच्या जत्रेत २०१२ मध्ये कोबीचा एक गड्डा ६२ किलोंहून अधिक भरला आणि जागतिक विक्रम ठरला. तिथल्या उन्हाळ्यात दिवस एकोणीस तासांवर जातो, त्यामुळे पानांना भरपूर ऊन मिळतं. नॉर्वेतल्या ट्रोम्सोत सूर्य सुमारे दोन महिने मावळतच नाही, आणि तिथे बटाटा व स्ट्रॉबेरी होते.

अडचण कुठे आहे?

हाच लांब दिवस काही पिकांना मानवत नाही. विलायती पालक किंवा मुळा भरण्याआधीच फुलावर जातो आणि माल हातचा जातो. म्हणून उशिरा फुलणारं वाण निवडावं लागतं. अनेक भागांत जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असतो, तेव्हा उंच वाफे करून मुळांशी ऊब राखावी लागते. कॅनडातल्या इनुविक गावाने तर आइस हॉकीच्या जुन्या बंदिस्त मैदानाचं सामुदायिक हरितगृह केलं आणि आत गावकऱ्यांना वाफे वाटून दिले.

हिवाळ्यात प्रश्न उलटतो. ऊबही नाही आणि प्रकाशही नाही. आइसलँडमध्ये जमिनीतलं गरम पाणी नळांतून हरितगृहात फिरवतात. रेइकहोल्टजवळच्या फ्रीधहेइमारमध्ये दिव्यांच्या उजेडात वर्षभर टोमॅटो घेतात, परागीभवन भुंगे करतात. अलास्कातल्या कोट्झेब्यूत २०१६ मध्ये मालवाहू कंटेनरमध्ये मातीविना पालेभाजी घ्यायला सुरुवात झाली. कॅनडाच्या जोआ हेवनमध्ये २०१९ पासून असेच कंटेनर पवनचक्की आणि सौर पॅनेलवर चालतात, जोडीला डिझेलचा जनरेटर असतो. अशा गावांत ताजी भाजी विमानाने येते, महाग पडते आणि बरेचदा कोमेजलेली असते. या कामाला मागणी आहे ती यामुळे.

रोजचं काम काय असतं?

सकाळी आल्याबरोबर पाण्याचा पीएच (आम्लता) आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचा, कालच्या नोंदीशी ताडायचा. मग पानांची खालची बाजू पाहायची, कारण मावा, तुडतुडे आधी तिथेच दिसतात. उथळ पन्हळींतून खतपाणी फिरत असेल आणि रात्री पंप बंद पडला, तर काही तासांत मुळं सुकतात आणि सगळं पीक जातं. बाहेर उणे तीस अंश असताना मेकॅनिक येईलच असं नाही. पंप तुम्हालाच उघडता आला पाहिजे. म्हणून मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो: रोप आणि यंत्र, दोन्ही शिका. या क्षेत्रात टिकतो तो दोन्ही जाणणारा माणूस.

सुरुवात घराजवळून

दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन राहुरी, दापोली, अकोला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठांतर्गत कृषी, उद्यानविद्या किंवा कृषी अभियांत्रिकीची पदवी घेता येते. शिकताना एक हंगाम पॉलिहाऊसवर काढा. तळेगाव दाभाडेच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊसची अल्पमुदतीची प्रशिक्षणंही होतात. थंडीचा अभ्यास करायला लगेच परदेश गाठायची गरज नाही. लेहमध्ये डीआरडीओची 'डिहार' ही संस्था कडाक्याच्या थंडीतल्या भाजीपाल्यावर काम करते. जमिनीत चर खोदून वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद टाकला की आत भाजी तग धरते, ही तिथली साधी आणि उपयोगी पद्धत.

परदेशी शिक्षण त्यानंतर. नॉर्वेत ओस येथील जीवविज्ञान विद्यापीठ, नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेन, अलास्कात फेअरबँक्सचं विद्यापीठ ही माहीत असावीत अशी नावं. नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ पासून शुल्क लागू झालं आहे, तेव्हा "तिकडे शिक्षण फुकट" या जुन्या माहितीवर विसंबू नका.

पालकांशी थोडं स्पष्ट

या क्षेत्रात जागा थोड्या आहेत आणि कॅम्पस प्लेसमेंटची हमी नाही. "ग्रीनहाऊसमध्ये नोकरी लावतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी विचारा: काम तोडणीचं आहे की पीक व्यवस्थापनाचं? तोडणी ही हंगामी मजुरी आहे, तिच्यासाठी जमीन विकू नका. उलट, बंदिस्त वातावरणात पीक घेण्याचं कौशल्य नाशिक, पुणे, लेहपासून आखाती देशांपर्यंत चालतं. आर्क्टिकची संधी हुकली तरी हे शिक्षण वाया जात नाही.

निर्णयाआधी एक परीक्षा घ्या. विलायती पालकाचं बी दोन क्रेटमध्ये पेरा. एक क्रेट साध्या उजेडात ठेवा, दुसऱ्यावर संध्याकाळनंतर रात्री दहापर्यंत एलईडी लावा. मुलाने दीड-दोन महिने रोज उंची, पानं आणि फुलोरा वहीत लिहावा. आठवड्याभरात वही बंद पडली तर दुसरी वाट पाहा. पण एक क्रेट आधी फुलावर गेलं आणि तो आपणहून "असं का?" हे शोधू लागला, तर त्याला अडवू नका. फी, कर्ज आणि अभ्यासक्रम यांचा हिशेब त्याच्यासोबत बसून मांडा.