फुगा उतरताना

मुलांनो, उर्दूत आपण ‘हवा’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या भोवती असते ती हवा. ती वाहू लागली, की तिला वारा म्हणतात. आजच्या पाठात हा फरक उपयोगी पडेल.

फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा तयार केला. 21 नोव्हेंबर 1783 रोजी त्यांच्या फुग्यातून दोन माणसे पॅरिसवर उडाली. गरम हवा हलकी असते, म्हणून फुगा वर जातो. आजच्या फुग्याखाली वेताची मोठी टोपली आणि गॅसचा बर्नर असतो. प्रवासी टोपलीत उभे राहतात.

फुग्याला वर नेते ती हवा आणि पुढे नेतो तो वारा. फुग्याला सुकाणू नसते, ब्रेकही नसतो. चालक फुगा फक्त वर-खाली करू शकतो. त्यामुळे निघण्याची जागा ठरवता येते. उतरण्याची जागा मात्र वाऱ्यावर अवलंबून असते. 26 नोव्हेंबर 2005 रोजी विजयपत सिंघानिया बंद केबिनमध्ये बसून फुग्यातून 21,027 मीटर उंचीवर गेले. ते उडाले मुंबईहून आणि उतरले सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाजवळ!

आपल्या हिंगोली जिल्ह्यात खळ्यावर धान्य उफणताना शेतकरी वाऱ्याची वाट पाहतो. फुग्याचा चालक मात्र वारा पडण्याची वाट पाहतो. पहाटे वारा मंद असतो, म्हणून उड्डाणे बहुधा सूर्योदयाच्या सुमारास होतात. ऊन चढले, की जमीन तापते आणि वारा सुटतो. जोराचा वारा असेल, तर चांगला चालक उड्डाणच रद्द करतो. पैसे देऊन आलेले प्रवासी नाराज झाले, तरी तो आपला निर्णय बदलत नाही.

पण फुगा आकाशात असतानाच वारा वाढला तर? चालक मोकळे शेत शोधतो. विजेच्या तारांपासून तो फुगा दूर ठेवतो, कारण तारा फार घातक असतात. 2016 साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एक फुगा विजेच्या तारांवर आदळला आणि त्यातील सर्व 16 जण मृत्युमुखी पडले.

टोपली जमिनीला टेकते, तरी वरचा फुगा शिडासारखा वाऱ्याने ओढला जातो. टोपली आडवी होते आणि शेतातून फरफटत जाते. चालक दोरी ओढून फुग्याच्या माथ्यावरची झडप उघडतो. गरम हवा निघून गेली, की टोपली थांबते. तोपर्यंत प्रवाशांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. कॅमेरा व इतर वस्तू आधीच आत ठेवाव्यात.
2. फुगा ज्या दिशेने जात असेल, तिकडे पाठ करून टोपलीला टेकून उभे राहावे.
3. गुडघे थोडे वाकवावेत. आतील दोरीचे कडे दोन्ही हातांनी धरावे.
4. हात किंवा डोके टोपलीबाहेर काढू नये.
5. चालकाने सांगितल्याशिवाय बाहेर पडू नये.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. एक माणूस घाईने बाहेर पडला, तर फुगा तेवढा हलका होतो आणि पुन्हा वर उचलला जाऊ शकतो. मग आत राहिलेल्यांचे काय? एकाची घाई सर्वांच्या जिवावर बेतते.

फुगा कधी आपल्या शेतात उतरला, तर तुम्हीही सावध राहा. धावत जवळ जाऊ नका. लोंबणारी दोरी स्वतःहून पकडू नका. फुगा तारांत अडकला असेल, तर दूरच थांबा. जवळ कोणालाही बिडी-काडी पेटवू देऊ नका.

मराठीत फुगाही ‘उतरतो’ आणि प्रवासीही ‘उतरतो’. शब्द एकच आहे. पण या दोन उतरण्यांच्या मध्ये थोडा वेळ थांबावे लागते. त्या थोड्या वेळाच्या धीरानेच प्राण वाचतात.

शब्दार्थ
सुकाणू – दिशा बदलण्याचे साधन
शीड – नावेचे वारा भरणारे कापड
उफणणे – वाऱ्यावर धरून धान्यातील भुसा वेगळा करणे
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय
1. फुग्याची उड्डाणे सकाळी लवकर का होतात?
2. जमिनीला टेकल्यावरही टोपली का फरफटते?
3. ‘हवा’ आणि ‘वारा’ हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
4. चालत्या बसमधून उतरण्याची घाई का करू नये? पाच वाक्ये लिहा.