बहिष्कार की पुनःस्थापना?
आमिश कादंबऱ्यांच्या निमित्ताने एक अभ्यास

शास्त्रवाचन : मत्तय १८:१५-१७, २ करिंथ. २:५-८, २ थेस्सल. ३:१४,१५

अमेरिकेतील आमिश समाजाच्या जीवनावर लिहिलेल्या कादंबऱ्या इंग्रजी ख्रिस्ती वाङ्मयात फार वाचल्या जातात. घोडागाडी, साधा पोशाख, एकमेकांच्या हाकेला धावणारी कुटुंबे यांचे चित्रण वाचकाच्या मनाला विसावा देते. या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळवून दिली ती बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ सालच्या ‘द शनिंग’ या कादंबरीने. शनिंग म्हणजे बहिष्कार. आपल्या बोलीत, वाळीत टाकणे.

कथा

पेन्सिल्वेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात राहणाऱ्या केटी लॅप हिचा विवाह एका विधुर बिशपाशी ठरला आहे. समाजाच्या नियमांत न बसणारी गिटार आणि गाणी तिला सोडवत नाहीत. त्यातच माळ्यावर तान्ह्या बाळाचे सॅटिनचे अंगडे तिच्या हाती लागते आणि आपण दत्तक कन्या आहोत हे तिला कळते. विवाहाच्या दिवशी ती विधी सोडून निघून जाते. अखेर मंडळी तिच्यावर बहिष्कार घालते.

वाचकाची सहानुभूती साहजिकच केटीकडे वळते. परंतु एवढ्यावरून त्या समाजाला निर्दय ठरवणे न्यायाचे होणार नाही. या शिस्तीचे मूळ पाहिले पाहिजे.

शिस्तीचे मूळ

१५२५ साली झुरिक येथे काही विश्वासणाऱ्यांनी प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासाच्या अंगीकारावर बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांना प्राण द्यावे लागले. त्यांच्याच परंपरेतून मेनोनाइट मंडळ्या उदयास आल्या. (भारतात धमतरी येथे १८९९ साली मेनोनाइट मिशनकार्य सुरू झाले.) १६९३ साली याकोब आम्मान यांनी बहिष्कार अधिक कडक असावा असा आग्रह धरला. त्यावरून फूट पडली व आमिश वेगळे झाले. पुढे १७०० साली आम्मान व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपण उतावीळपणे वागलो असे मान्य करून स्वतःलाच मंडळीबाहेर ठेवले. तथापि समेट झाला नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बहिष्कार फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांना लागू होतो. ज्याने देवासमोर व मंडळीसमोर वचन दिले, त्यालाच त्या वचनाचा जाब विचारला जातो. बाप्तिस्म्यापूर्वी समाज सोडणाऱ्यास वाळीत टाकले जात नाही. दुसरी, आमिश लोक मानतात त्या १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट विश्वासांगीकारात बहिष्काराला मर्यादा घातली आहे : बहिष्कृत व्यक्ती भुकेली, तहानलेली किंवा आजारी असल्यास तिला साहाय्य करावे आणि तिला शत्रू न मानता बोध करावा.

शास्त्राचा हेतू

हा विचार पौलाच्याच शिकवणीवर उभा आहे. थेस्सलनीकाकरांना तो आज्ञा न मानणाऱ्याची संगत टाळावयास सांगतो. पण लगेच त्याला बंधू समजून बोध करण्याचीही आज्ञा देतो. करिंथ येथील दंड पुरेसा झाल्यावर, अतिदुःखाने तो मनुष्य खचून जाऊ नये म्हणून त्याला क्षमा करण्याची विनंती करतो. प्रभू येशूनेही पहिली पायरी एकांतातील भेटीची सांगितली. बंधू परत मिळावा हाच तिचा हेतू. परतीची वाट बंद करणारी शिस्त ख्रिस्ताची नव्हे.

२ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर परगण्यातील निकेल माइन्स येथील शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच आमिश मुलींचा जीव घेतला व स्वतःलाही संपवले. त्याच दिवशी काही आमिश लोक त्याच्या कुटुंबाकडे सांत्वनासाठी गेले. बाहेरच्याला इतकी क्षमा करणाऱ्या समाजालाही घरच्या लेकीला पुन्हा जवळ घेणे अवघड जाते. केटीच्या कथेचा खरा प्रश्न येथेच आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांनाही लागू पडतो. आपल्याकडे ठराव होत नाहीत. पण चुकलेल्या कुटुंबाच्या घरी जाणे थांबते, त्यांच्या नावाचा उल्लेख टळतो. आमिश मंडळी निदान कारण सांगते आणि पश्चात्ताप करून परतणाऱ्यास स्वीकारते. आपल्या मुक्या बहिष्कारात या दोन्ही गोष्टी नसतात.

मननासाठी

१. आपल्या मंडळीत येणे थांबवलेल्या कोणाची आपण शेवटची भेट केव्हा घेतली?
२. आपल्या शिस्तीत परतीची वाट स्पष्ट आहे काय?
३. इतरांच्या साधेपणाचे कौतुक करताना त्यामागील आज्ञापालनाची किंमत देण्यास आपण सिद्ध आहोत काय?